एक नट सोडून

"पुढनं टकटक वाजतंय. मिस्त्री म्हणतोय, पुढचं सगळं सस्पेन्शन उतरवावं लागेल. हे घरी नाही का जमणार?"

पावसाळा सरला की सातारा-सांगलीकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा कधी शिक्षक असतो, कधी तासगावचा द्राक्षबागायतदार, कधी नुकतीच जुनी गाडी घेतलेला पोरगा. गॅरेजचा खर्च वाचावा हे कारण तर आहेच, पण इकडच्या माणसाला मुळात लोखंड खोलून बघायची खोड आहे. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना हलवला, साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. तिथे हात काळे केलेल्यांची नातवंडं-पतवंडं याच गावांतून राहतात. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्यात, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून चक्क चारचाकी बनवली, तीही दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि महिन्याभरात लोहारांना तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. ज्या मुलखात माणूस घरी गाडी जुळवतो, तिथे 'घरी शॉकअप उतरवू नका' असं सांगायला मी कोण?

तेव्हा उत्तर असं: जमतं. एक नट सोडून जमतं. इथे 'सोडून'चा अर्थ 'वगळून' असा घ्यायचा. 'ढिला करून' असा घेतलात तर गाठ थेट दवाखान्याशी.

तो नट कुठला, आणि त्यालाच एवढा मान का, हे कळायला थोडं मागून यावं लागेल.

१. आधी ऐका

सस्पेन्शन ही एक वस्तू नव्हे. चाक आणि गाडीचं अंग यांना बांधून ठेवणारं ते एकत्र कुटुंब आहे, आणि कुरकुर नक्की कुणाची हे अंगणातून कळत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी चार साध्या परीक्षा.

बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. गाडी वर येऊन एका झोक्यात थांबली तर शॉकअप ठीक आहे. नंदीबैलासारखी मान हलवत राहिली, तर तो संपला. त्याच्या अंगावरून तेलाचा ओघळ आला असेल तर शंकाच नको.

खडीवर हळू जाताना बारीक, भराभर टकटक येत असेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार लिंक रॉड असतो. वीतभर-दोन वीत लांबीची, दोन्ही टोकांना गोटीसारखा सांधा असलेली ही सळई सगळ्यांत स्वस्त भागांपैकी एक. जागेवर स्टिअरिंग फिरवताना वरून 'कट्' असा आवाज येत असेल तर शॉकअपच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग बघायचं. आणि चाक उचललेलं असताना ते घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं आणि खडखडलं, तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. ९ आणि ३ च्या जागी धरून खडखडलं तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड.

मी यातलं काहीही न करता एका रविवारी डाव्या बाजूचा अख्खा शॉकअप खाली उतरवला होता. संध्याकाळी आवाज होता तसाच. मग कळलं की तो लिंक रॉडचा होता. दोन नटांचं काम.

२. पाटा आणि पिचकारी

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढलं की सगळी गाडी दगडावर चढते, आणि वर बसलेल्याचे मणके त्याची नोंद ठेवतात. टांग्याला पोलादी पाटे आले. एकावर एक बांधलेल्या या कमानदार पट्ट्या दणका खाऊन वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. (मिस्त्रीचा पाटा हा, स्वयंपाकघरातला वेगळा, तो वाकत नाही.) जुन्या जीपला पुढे-मागे पाटेच होते, आणि दोन चाकांच्या मध्ये एकच आडवा दांडा. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही कळायचं. अ‍ॅम्बॅसडरने पुढच्या दोन चाकांना वेगळं केलं. तिच्यात लांब पोलादी दांडे पिळले जात आणि तेच स्प्रिंगचं काम करत. फियाटच्या पुढे गुंडाळीची स्प्रिंग होती. ती फियाट इथे बनवणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांची. सांगलीला विश्रामबागेत ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तेच हे.

आता एक घोळ निस्तरू. स्प्रिंग दणका गिळत नाही. ती फक्त उधार घेते आणि लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर ती एका खड्ड्यानंतर पुढचा फर्लांगभर नाचत जाईल. तो नाच थांबवतो शॉकअप. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर सहज आत जातो, जोरात दाबला तर हात अडतो, कारण एवढं पाणी त्या बारीक भोकातून एकदम जाऊ शकत नाही. शॉकअप म्हणजे तेल भरलेली बंद पिचकारी. तेल आतल्या आत बारीक भोकांतून इकडून तिकडे जातं आणि स्प्रिंगचा सगळा उत्साह उष्णतेत विरतो. खराब रस्त्यावरून लांबची मजल मारून आलात की शॉकअप गरम लागतो तो यामुळेच.

दोन जिल्ह्यांतले रस्ते या कुटुंबातल्या वेगवेगळ्या माणसांना छळतात. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्या पाठीवर लाटांसारखं उचलतं-बसतं. अशा लांब लाटांवर राबतो तो शॉकअप. कासकडच्या घाटात पावसाळ्यानंतर तुटक कडांचे खड्डे मिळतात. तिथे बॉल जॉइंट आणि रबरी बुश मार खातात. राहिले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा. आमच्याकडचे काही गतिरोधक म्हणजे डांबराखाली झोपलेले ओंडके आहेत. त्यांना कुठलाच हिशोब लागू होत नाही.

३. मॅकफर्सन साहेबांची काटकसर

आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत जी रचना असते, तिला अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जनरल मोटर्समध्ये एका छोट्या, स्वस्त गाडीवर काम करत होते. कंपनीने तो बेत सोडून दिला आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेले. त्यांची कल्पना १९५० च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना तीच होती.

कल्पना काटकसरीची आहे. चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन हात देण्याऐवजी वरचा हात काढूनच टाकायचा आणि शॉकअपलाच खांब बनवायचं. भिंतीला टेकवलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. वरचं टोक भिंतीला टेकलेलं, खालचा पाय एका माणसाने धरलेला. शिडी म्हणजे शॉकअप, भिंत म्हणजे बॉनेटखालचा पत्रा, आणि पाय धरणारा माणूस म्हणजे लोअर आर्म. शिडीचा पाय आणि माणसाचा हात यांच्यामध्ये एक बीडाचा ओबडधोबड तुकडा असतो. त्यालाच चाक लागतं. गॅरेजात त्याला नकल म्हणतात.

स्प्रिंग कुठे गेली? ती याच खांबावर चढवलेली असते, दोन वाट्यांच्या मध्ये दाबून. खालची वाटी खांबाला वेल्ड केलेली. वरची वाटी आणि तिच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग शॉकअपच्या दांड्यावर बसतं, आणि ते तिथे राहतं दांड्याच्या टोकावरच्या एकाच नटामुळे.

बॉनेट उघडलंत की माउंटिंगच्या गोल टोपीभोवती दोन किंवा तीन छोटे नट दिसतात. ते अख्खा खांब पत्र्याला धरून ठेवतात. ते सोडायला हरकत नाही. बरोबर मध्ये, बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या टोपणाखाली, एक मोठा नट असतो. वर, समोर, हाताला सोपा आणि पान्यात छान बसणारा. घात तिथेच होतो.

४. नटावर उभा असलेला माणूस

थोडा हिशोब करू, म्हणजे भीती नेमकी किती बाळगायची ते कळेल.

साडेसहाशे किलोची छोटी गाडी घ्या. इंजिन पुढे असल्यामुळे वजनाचे साठ टक्के पुढच्या चाकांवर धरू. ते झाले ३९० किलो, म्हणजे एका चाकावर १९५. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन किलो वजन लागतं असं मानू. मग उभ्या गाडीची स्प्रिंग आपल्या मोकळ्या लांबीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर दाबलेली असणार.

आता जॅक लावून गाडी उचलली. चाक लोंबकळतं, स्प्रिंग लांबते. पण मनसोक्त नाही. सहा सेंटिमीटर लांबली की शॉकअपचा दांडा संपतो आणि तिला अडवतो. चार सेंटिमीटरचा दाब शिल्लकच राहतो. चार सेंटिमीटर म्हणजे ४० मिलिमीटर, गुणिले दोन किलो: ८० किलो.

म्हणजे चाक हवेत असतानाही, शॉकअप काढून ओट्यावर आडवा ठेवला तरीही, त्या मधल्या नटावर एक धडधाकट माणूस उभा आहे. तो दिसत नाही एवढंच. नट आट्यांवर आहे तोवर सगळं शांत. शेवटचा आटा सुटला की तो माणूस उडी मारतो, आणि आपण नेमके वाकून बघत असतो. दीड किलोचा वरवंटा मीटरभर उंचीवरून पडावा तेवढा हा दणका, आणि तो हनुवटीच्या दिशेने येतो. हे सगळ्यांत छोट्या गाडीचं. सात जणांच्या गाडीत आकडे कितीतरी पुढे जातात.

५. अंगणात

जागा सपाट हवी आणि टणक हवी. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर जॅक लावला आणि गाडी चार बोटं उचलली असेल-नसेल, खालची फरशी कर्रकन तडकली. जॅक कलला, गाडी एका अंगाला हलली आणि पुन्हा चाकावर येऊन बसली. चाक अजून काढलं नव्हतं म्हणून बरं. फरशीखाली मुंग्यांनी वर्षानुवर्षं माती पोकळ केली होती, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जॅकखाली जाड फळी, आणि फळीखाली सिमेंटचा कोबा. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. उचलल्यावर गाडी लोखंडी स्टँडवर टेकवायची, काढलेलं चाक उंबऱ्याच्या पत्र्याखाली आडवं सरकवायचं, आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. हँडब्रेक ओढलेला. एवढं झाल्याशिवाय चाकाच्या पोकळीत डोकं घालायचं नाही.

बोल्ट किती हट्टी निघतील हे गाडीच्या गावावर असतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे नांदलेल्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. जतकडच्या गाडीचे आटे कोरडे आणि स्वच्छ मिळतात, पण धुळीने रबरी टोप्या फाटलेल्या असतात. काही असो, आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

ताकदीचंही गणित सोपं आहे. छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण ८५ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे मीटरभर लांब दांडीच्या टोकाला पावणेनऊ किलोचा जोर. गाडीतला व्हील पाना जेमतेम ३० सेंटिमीटरचा. त्याच्यावर तोच नट २९ किलो मागतो, आणि गंजला असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणून पान्यात मीटरभर पाइप घालतात. काढताना पाइप चालेल. आवळताना नको. आवळताना आटे जातात.

आता क्रम. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, नाहीतर चाक हवेत फिरत राहतं. चाक काढलं की खांबावर क्लिपने अडकवलेला ब्रेकचा रबरी पाइप मोकळा करायचा, एबीएसची वायर असेल तर तीही. मग लिंक रॉडचा नट. तो फिरवताना आतली गोटीही बरोबर फिरते. ती धरून ठेवायला टोकाला एलन चावीचं भोक असतं, ते मातीने बुजलेलं असतं, आणि ते टाचणीने कोरून काढण्यात अर्धा तास जातो. सगळ्या कामातला सर्वांत कंटाळवाणा अर्धा तास हाच.

मग खांब आणि नकल यांना जोडणारे दोन दांडगे बोल्ट. सोडण्याआधी बोल्टचं डोकं, नकल आणि खांब यांवरून एक रंगीत रेघ ओढा. नेलपॉलिश उत्तम, घरात विचारून घ्या. या बोल्टच्या भोकांत थोडीशी ढिलाई असते, आणि तेवढ्या ढिलाईतही चाक आत-बाहेर कलतं. परत बसवताना रेघेला रेघ जुळवली की निदान घर ते अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट जाते.

बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. तिला तारेने वर बांधून ठेवा. लोंबू दिलीत तर दोन गोष्टी होतात: सगळा भार ब्रेकच्या पाइपवर येतो, आणि अ‍ॅक्सलचा आतला सांधा निसटून गिअरबॉक्सचं तेल फरशीवर येतं. लोअर आर्मखाली वीट-फळी दिली तरी चालतं, पण तार बरी.

सगळ्यांत शेवटी बॉनेटखालचे दोन-तीन छोटे नट. शेवटचा सोडताना दुसरा हात चाकाच्या पोकळीत खांबाला धरलेला हवा. दुसरा माणूस असेल तर उत्तमच. खांब वाटतो त्याहून जड असतो, आणि सुटतो तो अचानक.

६. मिरजेची मागची खोली

इथवर आलात आणि मधल्या नटाला हात लावला नसेल, तर आता शॉकअप, स्प्रिंग, वाट्या, माउंटिंग असा सगळा खांब एका तुकड्यात तुमच्या हातात आहे. तो पोत्यात घालायचा आणि गॅरेजला न्यायचा. गाडी अंगणात, खांब एसटीत.

मी तो मिरजेच्या एका मिस्त्रींकडे नेला होता. त्यांनी पोतं उघडून आधी वरचा नट बघितला. त्यावर पान्याचे ओरखडे नाहीत याची खात्री झाली तेव्हा ते मोकळे झाले. म्हणाले, "बरं केलंसा ह्याला हात लावला न्हाई ते. स्प्रिंगला डोळं नसत्यात."

मागच्या खोलीत भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर होता. त्यांनी स्प्रिंगचे वरचे आणि खालचे वेढे आकड्यांत धरले आणि हँडल फिरवायला लागले. काही फेऱ्यांनंतर थांबले, स्प्रिंग दोन्ही हातांनी धरून वाटीत फिरवून बघितली. फिरली नाही. आणखी दोन फेरे. पुन्हा बघितली. आता ती वाटीत सैल, भांड्यातल्या कडबोळ्यासारखी फिरली. त्याचा अर्थ नटावरचा माणूस खाली उतरला. तेव्हा कुठे त्यांनी पाना उचलला, तोही समोर न उभं राहता, बाजूला होऊन. नट निघाला तेव्हा काहीच झालं नाही. तो नट असाच निघायला हवा.

बाजारात दोन सुट्या आकड्यांचा हातकॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो. एक आकडा जरा जास्त फिरला की स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि आकडा वेढ्यावरून घसरतो. त्या वेळी ती नुसत्या ८० किलोंनी दाबलेली नसते. आकड्यांनी तिला आणखी आवळलेलं असतं. मी तो घेतलेला नाही. घेऊही नये असं माझं मत आहे.

७. परत चढवताना

नवीन शॉकअप जोडीने घालावेत. एक ताजा आणि एक थकलेला असला की ब्रेक मारताना गाडी कूस बदलते. चढवायचा क्रम बहुतेक उलटा: आधी वरचे छोटे नट बोटांनी, मग नकलचे बोल्ट रेघेला रेघ जुळवून, मग लिंक रॉड, मग ब्रेकचा पाइप त्याच्या क्लिपमध्ये, कुठे पिळा न पडता.

एका ठिकाणी मात्र नुसता उलटा क्रम फसवतो. लोअर आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतो. तुम्ही त्याचा बोल्ट ढिला केला असेल, तर चाक लोंबत असताना तो शेवटचा आवळू नका. हे रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळलं जातं. लोंबत्या स्थितीत आवळलंत की ती स्थिती त्याला सरळ वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, पिळून वाळत घालायला विसरलेल्या धोतरासारखं, आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट नुसता टेकवायचा, गाडी चाकांवर घ्यायची, बॉनेट दोन-चारदा दाबून सोडायचं, आणि मग त्याला शेवटचा आवळा द्यायचा. पुष्कळ गॅरेजांत घाईत हे राहून जातं, आणि दोष रबराला लागतो.

त्यानंतर अलाइनमेंट. महामार्गावर रोज पुण्याकडे-कोल्हापूरकडे पळणाऱ्या गाडीचं चाक केसभर तिरकं असलं तरी टायरची एक कड झिजायला वेळ लागत नाही.

आणि चाकाचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. साताऱ्याहून निघालात तर ते कराडला येतं. तिथे चहाला थांबायचंच असतं, पाना तेवढा सीटखाली ठेवा.